हक्काला दाद हवी : चवदार तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कोणी घ्यावे, या प्रश्नाचा न्यायालयीन निकाल लागण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेला दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. या दाव्यातील प्रमुख प्रतिवादी पुढे स्वतंत्र भारताच्या घटना मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रात चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मोठे स्थान आहे. त्या सत्याग्रहाच्या मागोमाग चाललेल्या दिवाणी दाव्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. वास्तविक, भारतीय नागरिकाला मूलभूत हक्क कशासाठी हवेत आणि ते कोणत्या स्वरूपात हवेत, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांना जितके ग्रंथांतून मिळाले, तितकेच ते या दाव्यातूनही मिळाले असावे, असे त्यांच्या पुढील कार्याकडे पाहता वाटते.

पाण्यापासून सुरुवात

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील लष्करात सुभेदार होते, घरात शिक्षणाची ओढ होती आणि कबीरपंथाचे संस्कार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यास आले. तेथील सरकारी शाळेत भीमरावांचे नाव नोंदले गेले. मात्र वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यावयास मिळे आणि शिपाई नसला, तर तहान तशीच राही.

१९०१ च्या सुमारास भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाताना त्यांना आणखी एक अनुभव आला. रेल्वे स्थानकावर उतरलेल्या या स्वच्छ पोशाखातील मुलांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेरीस दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे मान्य करून मुलांनी प्रवास केला. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत पिण्याचे पाणी कोणी दिले नाही आणि रात्र उपाशीपोटी काढावी लागली. पुढे अनेक वर्षांनी आपल्या आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी हा प्रसंग तपशीलवार नोंदविला आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि त्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय असला, तरी समाजशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. जॉन ड्यूई यांच्यासारखे विचारवंत त्यांना शिक्षक म्हणून लाभले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्राबरोबरच ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी नाव दाखल केले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीस गेल्यावर शहरात राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. पण जात उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी विद्यापीठाची उच्च पदवी मिळविलेला, संस्थानचा अधिकारी असलेला हा तरुण त्या दिवशी निवाऱ्यावाचून एका बागेत बसून राहिला. शिक्षण, पद आणि राजाश्रय या तिन्ही गोष्टी असूनही माणसाला साधे नागरिकत्व मिळत नाही, हा धडा त्यांना येथे मिळाला.

बोले यांचा ठराव आणि महाडचे तळे

१९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांना मताधिकार व स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी केली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांचे त्याला साह्य होते. त्यानंतर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मायदेशी परतले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलमध्ये समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्यांना मुभा असावी, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात मात्र एकाही अस्पृश्याला त्या तळ्यावर जाण्याचे धैर्य झाले नाही.

ठराव आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर मोजण्यासाठीच १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. परिषदेला साह्य करणाऱ्यांत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे असे स्पृश्य समाजातील कार्यकर्तेही होते. परंतु हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला चढविला. अनेक जण जखमी झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिकारापासून परावृत्त केले आणि कायद्याचा मार्ग धरला. पुढे सनातन्यांनी पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची शुद्धी केली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठरावही मागे घेतला.

एका नगरपालिकेने दिलेली मुभा तीच नगरपालिका काही ओळींच्या ठरावाने काढून घेऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले. बहुमताच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या सवलतीला हक्क म्हणता येत नाही, हा घटनात्मक हक्काच्या संकल्पनेचा गाभा होय. महाडच्या लोकांनी तो पुस्तकात वाचला नव्हता, तर गावात अनुभवला होता.

वहिवाटीविरुद्ध दावा

पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी २५ डिसेंबर १९२७ पासून दुसरी परिषद बोलावण्यात आली. त्यापूर्वीच काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचबरोबर सर्व हिंदू जन्मतः समान दर्जाचे आहेत, असे सांगणारा हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या सभेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. इंग्लंडमध्ये १२१५ ची सनद आणि १६८९ चा हक्कांचा कायदा, अमेरिकेत १७९१ मध्ये घटनेत दाखल झालेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या आणि फ्रान्सचा जाहीरनामा, ही हक्कांच्या इतिहासातील प्रसिद्ध ठिकाणे. तेथील संघर्ष मुख्यतः राजा आणि प्रजा, सरकार आणि नागरिक यांच्यातील होता. महाडचा संघर्ष निराळा होता. येथे सरकारी आदेश अस्पृश्यांच्या बाजूने होता आणि त्यांना अडविणारे त्यांचेच शेजारी होते.

तळ्यावर जाण्यास लोक उत्सुक असतानाही बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला. हा निर्णय अनेकांना रुचला नसावा. परंतु आपल्या बाजूने सरकारी आदेश असताना आपणच न्यायालयाचा अवमान करणे त्यांना योग्य वाटले नाही.

दाव्यात वादींचे म्हणणे होते, की तळे खासगी स्वरूपाचे असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट स्मरणातीत काळापासून चालत आली आहे. ब्रिटिश अमदानीतील न्यायालये वहिवाटीला कायद्याचा एक आधार मानीत. ती प्राचीन, निश्चित आणि अखंड असल्याचे सिद्ध झाले, तर तिला कायद्याचे बळ मिळू शके. त्यामुळे मज्जाव अन्यायकारक आहे का, या प्रश्नापेक्षा तो पुरेसा जुना आहे का, याच प्रश्नाला महत्त्व आले.

महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये वादींचे अपील फेटाळले. शेवटी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे सुनावणी झाली. १९२२ मध्ये अहमदाबाद येथे महात्मा गांधींना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ब्रूमफील्ड ते हेच. उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. अशी वहिवाट स्मरणातीत काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही, हे त्याचे मुख्य कारण होते.

विजय मिळाला, पण त्याचा पाया किती अरुंद होता, हे कायद्याच्या अभ्यासकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. प्रत्येक माणसाला सार्वजनिक पाण्यावर हक्क आहे, असे काही या निकालाने प्रस्थापित झाले नाही. महाडच्या वादींचा पुरावा तोकडा पडला, एवढेच ठरले. उद्या दुसऱ्या गावात कोणी मज्जावाची परंपरा भक्कम पुराव्यानिशी सिद्ध केली असती, तर काय झाले असते? त्यावेळच्या कायद्यात या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर नव्हते.

लंडनमधील मसुदा

दावा चालू असतानाच १९३० च्या अखेरीस बाबासाहेब लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेस गेले. मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अल्पसंख्याकविषयक उपसमितीला एक योजना सादर केली. समान नागरिकत्व ही तिची पहिली अट होती. अस्पृश्यतेवर आधारित कोणताही भेद भावी राज्यघटनेने बेकायदा ठरवावा, असे तिच्यात म्हटले होते. मात्र बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. हक्काच्या उपभोगात अडथळा आणणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानला जावा, अशी कलमे त्यांनी जोडली. त्यासाठी अमेरिकेतील यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या संरक्षणार्थ झालेले १८६६ व १८७५ चे नागरी हक्क कायदे आणि ब्रह्मदेशातील १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा यांचा त्यांनी आधार घेतला. तळ्यावर गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी कामावर घेत नाही, दुकानदार धान्य देत नाही आणि मग हक्क असूनही तो माघार घेतो, हे त्यांना ठाऊक होते.

मूलभूत हक्कांची मागणी करणारे बाबासाहेब एकटे नव्हते. १९२८ च्या नेहरू अहवालात हक्कांची यादी होती आणि मार्च १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने या विषयावर महत्त्वाचा ठराव केला. ब्रिटिश सरकारने मात्र ही मागणी नाकारली. अमलात आणण्याची इच्छा आणि साधने नसतील, तर हक्कांच्या अमूर्त घोषणा निरुपयोगी ठरतात, असे सायमन आयोगाचे म्हणणे होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात म्हणूनच मूलभूत हक्कांचे प्रकरण आले नाही. या युक्तिवादातील पहिला भाग बाबासाहेबांनाही मान्य होता. निष्कर्ष मात्र त्यांनी उलटा काढला. घोषणा निरुपयोगी ठरतात म्हणून हक्कच नाकारावयाचे नाहीत, तर हक्कासोबत दाद मागण्याचे साधनही घटनेतच द्यावयाचे.

घटना समितीत

१९४६ मध्ये घटना समिती स्थापन झाली, तेव्हा मुंबईतून त्यांना निवडून येणे शक्य झाले नाही. जोगेंद्रनाथ मंडल आदींच्या साह्याने ते बंगालमधून निवडून आले. १७ डिसेंबर १९४६ रोजी समितीत केलेल्या पहिल्या महत्त्वाच्या भाषणात त्यांनी पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. ठरावात हक्क आहेत, पण हक्कभंग झाल्यास उपाय कोणता, याविषयी ठराव मौन बाळगतो, असा त्यांचा आक्षेप होता.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात हक्क, हक्कभंगावरील उपाय आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण यांची कलमवार मांडणी होती. प्रमुख उद्योग आणि शेतजमीन यांवर राज्याची मालकी असावी, हेही घटनेतच नमूद करावे, असे त्यांनी सुचविले होते. भूमिहीन मजुराला उपासमारीची भीती असेल तर तो आपले हक्क बजावू शकणार नाही, असा त्यामागील विचार होता. ही आर्थिक योजना घटना समितीने स्वीकारली नाही.

सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीची मूलभूत हक्क उपसमिती आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. कन्हैयालाल मुन्शी, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, के. टी. शहा, हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर असे विविध विचारांचे सदस्य त्यांच्यासोबत होते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या टिपणांचाही मोठा उपयोग झाला. मूलभूत हक्क ही एका व्यक्तीची निर्मिती नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे.

फाळणीमुळे बंगालमधील सदस्यत्व संपुष्टात आल्यावर काँग्रेसच्या पाठिंब्याने ते जुलै १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले. स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले आणि ऑगस्टअखेरीस मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटनेचा मसुदा समितीपुढे ठेवला.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. त्या वेळी सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयघोष झाला. आज हे कलम १७ म्हणून ओळखले जाते. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांबरोबरच राज्याच्या निधीतून राखलेल्या अथवा जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट केले गेले. बोले यांच्या ठरावातील यादी येथे मूलभूत हक्काच्या रूपाने अवतरलेली दिसते. ही बंदी केवळ सरकारवर नाही, तर नागरिकांवरही आहे. जगातील जुन्या हक्कनाम्यांपेक्षा भारतीय घटनेचे हे वेगळेपण आहे.

त्याहून कमी चर्चिलेले कलम १३. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीपुरता शून्यवत ठरेल, असे ते सांगते. या कलमासाठी कायदा या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेल्या रूढी व वहिवाटी यांचाही समावेश केलेला आहे. महाडच्या दाव्यात जो प्रश्न निर्णायक ठरला, तो या एका व्याख्येने निकालात निघाला. २६ जानेवारी १९५० नंतर तळ्यावरील मज्जाव हजार वर्षे जुना असल्याचे कोणी सिद्ध केले, तरी त्याचा काही उपयोग उरला नाही.

दाद मागण्याचा हक्क

९ डिसेंबर १९४८ रोजी आजचे कलम ३२ चर्चेस आले. हक्कभंग झाल्यास नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क हे कलम देते. बंदी प्रत्यक्षीकरणासारखे आदेश काढण्याचा अधिकार न्यायालयाला त्यातून मिळतो. संपूर्ण घटनेतील सर्वांत महत्त्वाचे कलम निवडावयाचे झाले तर आपण हेच निवडू, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले. असे आदेश काढण्याचे अधिकार भारतात पूर्वीही काही प्रमाणात होते. पण ते साध्या कायद्याने दिलेले होते आणि साध्या कायद्याने काढून घेता येत होते. आता त्यांना घटनेचे अधिष्ठान मिळाले. महाडच्या नगरपालिकेने ठराव मागे घेतला तसा हा हक्क कोणत्याही विधिमंडळाला साध्या बहुमताने मागे घेता येणार नव्हता.

तथापि, या प्रकरणाला काही मर्यादाही होत्या आणि त्या झाकून ठेवणे योग्य होणार नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून न्याय्य कार्यपद्धतीची अमेरिकी संकल्पना वगळून केवळ कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीचा उल्लेख ठेवण्यात आला. त्यावर कडाडून टीका झाली. न्यायाधीशांवर किती विसंबावे आणि कायदेमंडळावर किती, याविषयी बाबासाहेब स्वतः द्विधा मनःस्थितीत होते आणि ते त्यांनी लपविले नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी अटकेसंबंधीचे नवे कलम आणले. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे ही बंधने त्यातून आली. त्याच कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही मान्यता दिली.

आणीबाणीत दाद मागण्याचा हक्क स्थगित करण्याच्या तरतुदीचेही त्यांनी समर्थन केले. हरी विष्णू कामत यांनी तिला कठोर विरोध केला होता. १९७५ च्या आणीबाणीत कामत यांची भीती खरी ठरली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना बंदी प्रत्यक्षीकरणाची दाद नाकारली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकाल दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी सुधारणा झाली. त्याच वर्षी मनेका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असा अर्थ न्यायालयाने लावला. १९७६ चा तो निकाल २०१७ मध्ये गोपनीयतेच्या हक्काविषयीच्या निर्णयात स्पष्टपणे रद्दबातल ठरविण्यात आला.

मंत्रिपदाचा राजीनामा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांचा सूर विजयाचा नव्हता, सावधगिरीचा होता. राजकारणात प्रत्येकाला एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनातील विषमता कायम राहिली, तर ही विसंगती लोकशाहीच्या मुळावर येईल, असा इशारा त्यांनी दिला. घटना चांगली की वाईट, हे ती राबविणाऱ्यांवर अवलंबून असते, हेही त्यांनी बजावले.

लवकरच त्यांना स्वतःलाच त्याचा प्रत्यय आला. हिंदू कायद्यात सुधारणा करून स्त्रियांना वारसा, विवाह आणि घटस्फोट यांबाबत समान हक्क देणारे विधेयक त्यांनी मोठ्या परिश्रमाने संसदेत आणले होते. त्याला सभागृहात आणि बाहेर तीव्र विरोध झाला आणि सप्टेंबर १९५१ मध्ये ते बाजूला पडले. घटनेने दिलेली समानता घराच्या उंबरठ्यापाशी अडत असेल, तर मंत्रिमंडळात राहण्यात अर्थ नाही, अशा भावनेने त्यांनी राजीनामा दिला. अनुसूचित जातींच्या प्रश्नाकडे होणारे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरणातील मतभेद हीदेखील राजीनाम्याची कारणे होती. हे विधेयक नंतर चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने १९५५ व १९५६ मध्ये मंजूर झाले. अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदाही १९५५ मध्येच झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो.

१९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर ते राज्यसभेचे सदस्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आजच्या शहरी वाचकाला नळाचे पाणी, उपाहारगृहातील टेबल किंवा रस्त्यावरून चालणे यांत हक्काचा प्रश्न क्वचितच जाणवतो. ज्याला अडविले जात नाही, त्याला आपल्यापाशी हक्क आहे याची जाणीव सहसा होत नाही. ती जाणीव घर भाड्याने देताना जात वा धर्म विचारला गेला, विनाकारण अटक झाली किंवा एखाद्या मतासाठी तोंड बंद केले गेले, की होते. अशा वेळी नागरिकाने आपल्याला अडविण्याची परंपरा किती जुनी आहे याचे पुरावे खोडत बसावे लागू नये, ही तजवीज घटनेने करून ठेवली आहे. ती वापरण्यासाठी लागणारा वकील, वेळ आणि धीर मात्र सर्वांपाशी सारखा नाही. महाडच्या दाव्यालाही नऊ वर्षे लागली होती आणि तेथे प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते.

दर वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर दूरदूरच्या गावांहून लोक येतात. आता त्यांना तेथे कोणी अडवीत नाही.